स्कायरिमला ऋतू देताना

खुल्या जगाच्या बहुतेक काल्पनिक साहसी गेममध्ये सूर्य उगवतो, मावळतो, आभाळ भरून येते, पाऊसही पडतो. ऋतू मात्र पालटत नाहीत. बेथेस्डा कंपनीचा ११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेला ‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ हे याचे ठळक उदाहरण. टॅम्रिएल नावाच्या काल्पनिक खंडाच्या उत्तरेकडचा हा थंड, डोंगराळ मुलूख. त्याला बारा महिन्यांचे स्वतःचे कॅलेंडर आहे आणि महिन्यांच्या नावांतच हवामान दडलेले आहे: एप्रिलच्या जागी ‘रेन्स हँड’, जुलैच्या जागी ‘सन्स हाइट’, ऑक्टोबरच्या जागी ‘फ्रॉस्टफॉल’. गोष्ट सुरू होते ती ‘लास्ट सीड’च्या, म्हणजे ऑगस्टशी जुळणाऱ्या महिन्याच्या १७ तारखेला. तारखा पुढे सरकतात, फ्रॉस्टफॉल येतो आणि जातो, पण झाडाचे एक पान गळत नाही.

याच मालिकेतल्या १९९६ सालच्या ‘डॅगरफॉल’मध्ये ऋतू होते, हे आज सांगून खरे वाटत नाही. तेव्हाची झाडे म्हणजे सपाट चित्रे, आणि जमीन म्हणजे फरशीसारखे शेजारीशेजारी बसवलेले चौकोनी तुकडे. हवामानाच्या प्रत्येक पट्ट्यासाठी या तुकड्यांचे तीन संच केलेले होते: एक कोरडा, एक बर्फाचा, एक पावसाने भिजलेला. महिना पाहून संच बदलला की काम झाले. पुढे ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आले, जग हाताने रचले जाऊ लागले, दगड नि झुडूप त्रिमितीय झाले आणि या खटाटोपात ऋतू गळाले. कॅलेंडर तेवढे उरले.

ऋतूंची हौस स्कायरिमने वेगळ्या मार्गाने भागवली. काळात व्हायचे बदल त्याने नकाशावर पसरून ठेवले. विंटरहोल्डकडे बारमाही बर्फ, आग्नेयेला रिफ्टनच्या परिसरात पिवळ्याधमक पानांची झाडे, फॉकरीथकडे हिरवीगार सूचिपर्णी राने, व्हाइटरनभोवती वाळल्या गवताचे माळ. निंटेंडोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधला (२०१७) अक्काला प्रांतही असाच सदैव पानगळीत असतो. युक्ती स्वस्त आणि सोयीची आहे. खेळाडू पायी चालत एका ऋतूतून दुसऱ्यात जातो आणि कलाकारांना प्रत्येक जागा एकदाच रंगवावी लागते. पण तीच वाट दुसऱ्यांदा तुडवताना तिच्यात काहीही बदललेले नसते. शेकडो तास त्याच जगात काढणाऱ्यांना हे खटकते, आणि तेथून मॉड करणाऱ्यांचे काम सुरू होते. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये हौशी जाणकारांनी घातलेली भर. ‘सीझन्स ऑफ स्कायरिम’ हे ऋतूंसाठीचे मॉड. झाडे, घरे, हवामान यांची इतर बरीच मॉड आता त्याच्या आधाराने चालतात.

पहिला प्रश्न येतो घड्याळाचा. स्कायरिममधला वेळ खऱ्या वेळेच्या वीसपट धावतो. तेथला एक तास तीन मिनिटांत संपतो, दिवस ७२ मिनिटांत. या हिशेबाने वर्ष होते ४३८ तासांचे आणि तीन महिन्यांचा ऋतू जवळपास ११० तासांचा. झोपणे, मुद्दाम वेळ घालवणे आणि एका झटक्यात दूरच्या गावी पोचण्याची सोय यांमुळे तारीख याहून लवकर पळते हे खरे. तरी मुख्य कथा संपवून गेम मिटणाऱ्याला वसंत दिसेलच असे नाही. उलट, १७ लास्ट सीडनंतर महिना संपायला चौदाच दिवस उरतात. सुमारे १७ तासांच्या खेळात सप्टेंबरशी जुळणारा महिना उजाडतो. म्हणजे पानगळ बहुतेकांच्या वाट्याला येते आणि कडक हिवाळा फक्त चिकाटीच्या मंडळींच्या.

मग घड्याळच आणखी पळवावे, हा सुचणारा पहिला उपाय फसतो. स्कायरिममधली माणसे तासांप्रमाणे वागतात. वेग वाढवला की दुकानदार घरून निघून दुकानात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. त्यापेक्षा महिने किंवा ऋतूच आखडते घेणे बरे. एरिक बरोन यांच्या ‘स्टारड्यू व्हॅली’त (२०१६) ऋतू २८ दिवसांचा आहे आणि दिवस सुमारे १४ मिनिटांचा, म्हणजे साडेसहा तासांत ऋतू पालटतो. क्ले एंटरटेनमेंटच्या ‘डोन्ट स्टार्व्ह’मध्ये दिवस आठच मिनिटांचा आहे. निंटेंडोच्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ने (२०२०) खऱ्या तारखेशीच सांगड घातली आणि ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूला डिसेंबरात उन्हाळा मिळावा म्हणून दक्षिण गोलार्ध निवडण्याची सोय दिली. साहसी गेमला हा शेवटचा मार्ग फारसा मानवत नाही. बर्फाळ खिंड ओलांडण्यासाठी कोणी खरोखरच मार्च महिन्याची वाट पाहत बसणार नाही.

दुसरा प्रश्न जमिनीवरचा. व्हाइटरनच्या वेशीबाहेरचा एखादा खडक घ्यावा. गेमच्या लेखी तो दोन गोष्टींचा बनलेला असतो: खडक कसा आहे हे सांगणारी नोंद, आणि तो कोठे, कोणत्या कोनात ठेवला आहे याची नोंद. बर्फाळ प्रदेशात तोच आकार दुसऱ्या नावाने, बर्फाच्या लेपासह वापरलेला आहे. हा लेप रंगवलेला नसतो. खडकाचा कोणता भाग आकाशाकडे तोंड करून आहे याचा हिशेब ग्राफिक्स कार्ड करते आणि तेवढ्याच भागावर बर्फ दाखवते. खडक कसाही उलटापालटा केला तरी बर्फ माथ्यावरच बसतो. म्हणून हिवाळा आणायचा तर खडक हलवावा लागत नाही. जगाचा तो तुकडा लोड होत असताना उन्हाळी नोंदीच्या जागी हिवाळी नोंद पुढे केली की झाले. कोणाच्या बदली कोण, याच्या जोड्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात. मूळ जागेला हात लागत नसल्याने खेळाडूने जतन केलेला खेळ बिघडत नाही, आणि मॉडच्या दुनियेत ही फार मोठी गोष्ट आहे.

या पद्धतीचे एक व्यंगही आहे. वर छप्पर आहे की नाही, हे त्या हिशेबाला कळत नाही. परिणामी पडवीत, कोरड्या जागी ठेवलेल्या पिंपावरही टोपीएवढा बर्फ चढतो. असे अपवाद एकेक करून वेचून काढावे लागतात, आणि मैदानी गावांच्या छपरांसारख्या ज्या वस्तूंची बर्फाळ आवृत्ती मूळ गेमने केलीच नव्हती, त्या नव्याने घडवाव्या लागतात. कंटाळवाणे, पण मॉडचा दर्जा ठरतो तो येथेच. गवताचे काम त्यामानाने सोपे. स्कायरिममध्ये गवत जमिनीच्या पोताला जोडलेले असते, त्यामुळे मातीच्या जागी बर्फ आला की गवत आपोआप जाते.

खरी डोकेदुखी दूरच्या देखाव्याची. जगाचे लहान चौकोन पाडलेले असतात आणि खेळाडूभोवतीचे पाच गुणिले पाच चौकोनच पूर्ण तपशिलाने उभे केले जातात. त्यापलीकडचे डोंगर, राने, मनोरे ही आधीच बनवून ठेवलेली हलकी, ढोबळ आवृत्ती असते. जवळची जमीन बदलली आणि ही आवृत्ती तशीच राहिली, तर गुडघाभर बर्फात उभ्या असलेल्या खेळाडूला समोरचा डोंगर हिरवागार दिसतो. यावर तोड एकच: दूरचा देखावा प्रत्येक ऋतूसाठी वेगळा तयार करून ठेवणे. ‘डिनडोलॉड’सारखी साधने हे करून देतात, पण वेळ आणि डिस्कवरची जागा दोन्ही भरपूर घेतात. २०११ची मूळ आवृत्ती ३२ बिटची होती. तिला चार जीबीपलीकडे मेमरी वापरताच येत नसे. २०१६च्या ‘स्पेशल एडिशन’ने ६४ बिटचा पाया दिल्यावर अशा हौसेला हातपाय पसरायला जागा मिळाली.

बदल नेमका कधी घडवायचा, हाही प्रश्न असतोच. डोळ्यांदेखत सगळे रान क्षणात पांढरे झाले तर हसू येईल. त्यामुळे खेळाडू घरात, गुहेत किंवा तळघरात असताना बाहेरचे जग बदलून ठेवण्याचा शिरस्ता पडला आहे. भुयारातून बाहेर यावे आणि पहिला बर्फ पडलेला दिसावा, ही खरे तर तांत्रिक अडचणीतून निघालेली पळवाट, पण अनुभव म्हणून ती हळूहळू होणाऱ्या बदलापेक्षाही सरस ठरते.

आभाळाचे काम वेगळे करावे लागते. स्कायरिममध्ये प्रत्येक प्रदेशाला हवामानांची यादी असते आणि यादीतल्या प्रत्येक हवामानाची शक्यता टक्क्यांत दिलेली असते. हिवाळ्यात पावसाचे टक्के काढून हिमवर्षावाला दिले की बरेच साधते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मात्र वर्षभर त्याच आहेत. उत्तरेकडच्या देशात हिवाळ्याचा दिवस तोकडा झालाच पाहिजे, नाहीतर नुसता बर्फ पाहून थंडी वाजत नाही. आवाजांकडे तर सर्वांत कमी लक्ष जाते. बर्फावर फुलपाखरे भिरभिरताना दिसली किंवा रात्री रातकिडे किरकिरू लागले, की केलेली सगळी मेहनत एका क्षणात वाया जाते.

एवढे सारे करूनही ऋतू हा नुसता पेहराव राहू शकतो. खेळाडूने काय करायचे, हे ज्या ऋतूमुळे बदलत नाही त्याचे कौतुक पहिल्या तासापुरते टिकते. या बाबतीत आजही ज्याच्याकडे बोट दाखवावे असा गेम म्हणजे गेम बॉय कलरवरचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओरॅकल ऑफ सीझन्स’ (२००१). निंटेंडोसाठी कॅपकॉमने केलेल्या या गेमचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी. पुढे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ही त्यांनीच दिग्दर्शित केला. होलोड्रम देशात ऑनॉक्स नावाचा खलनायक ऋतूंची ‘ओरॅकल’ (दैवज्ञा) डिन हिला कैद करतो आणि ऋतूंची घडी विस्कटते. नायक लिंकला ऋतूंची छडी मिळते. झाडाच्या बुंध्यावर उभे राहून ती फिरवली की त्या भागाचा ऋतू पालटतो. वसंतात विशिष्ट फूल उमलते आणि लिंकला कड्यावर उडवून देते. उन्हाळ्यात तळी आटतात, कड्यांवर वेल चढतात आणि त्यांना धरून वर जाता येते. पानगळीत पाचोळा खड्डे बुजवतो, अळंबी उचलण्याजोगी होतात. हिवाळ्यात पाणी गोठून वाट होते आणि बर्फाचे ढीग उंच कठड्यापर्यंत पोचवतात. एकच पडदा, चार वाटा. त्या यंत्राला पार्श्वभूमीसाठी एका वेळी चार रंगांचे आठच गट वापरता येत. तेवढ्यात हे सारे बसवले होते.

‘डोन्ट स्टार्व्ह’मध्ये हिवाळा म्हणजे थेट जिवाशी गाठ. शेत पिकत नाही, शेकोटीपासून दूर गेले की माणूस गारठतो आणि डीअरक्लॉप्स नावाचा अजस्र प्राणी चालून येतो; त्यामुळे पानगळीचे वीस दिवस साठवणुकीत जातात. ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’मध्ये ऋतू व्यापाऱ्यांवरून कळतो: वसंतात एल्फ, उन्हाळ्यात माणसे, पानगळीत स्वतःच्या जातीचा तांडा. स्कायरिमलाही २०१७ साली ‘सर्व्हायव्हल मोड’ मिळाला. त्यात थंडी, भूक, थकवा मोजले जातात आणि झटक्यात दूर पोचण्याची सोय बंद होते. त्याला ऋतूंची जोड दिली की लोकरी अंगरखा आणि सरायीतली शेकोटी यांना एकदम किंमत येते.

पण ऋतू खेळात शिरला की जुनी रचना ठिकठिकाणी उसवते. किमयेसाठी लागणारी रानफुले बर्फाखाली गेली तर ती गोळा करण्याची कामगिरी अडून बसते. तळे गोठवले तर तळाशी ठेवलेली पेटी हाती लागत नाही. त्यातून गोठलेल्या तळ्यावर खेळाडू चालतो, पण इतर पात्रे चालत नाहीत. कारण त्यांनी कोठून जायचे याचे जाळे आधीच आखलेले असते आणि त्यात बर्फाची वाट नसते. मग पाठलाग करणारे दरोडेखोर काठावर येऊन खोळंबतात आणि खेळाडू मधोमध उभा राहून निवांत बाण मारतो. पात्रांच्या दिनक्रमाची सोय त्यामानाने आधीपासून आहे. बेथेस्डाच्या साधनात पात्राच्या वेळापत्रकाला महिन्याचा रकाना असतो, आणि त्यात बारा महिन्यांखेरीज वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा असे पर्यायही असतात. तरी शेतकरी बारा महिने तेच करतात आणि गहू सदैव कापणीला आलेला असतो.

हे सगळे चार ऋतूंचे गणित युरोप, जपान आणि उत्तर अमेरिकेच्या हवेचे. माइनक्राफ्टसाठीच्या ‘सीरिन सीझन्स’ या मॉडने उष्ण प्रदेशांना त्यातून वगळून ओला आणि कोरडा असे दोनच काळ दिले आहेत, ते योग्यच. भारतातल्या काल्पनिक साहसी गेमची सुरुवात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’सारख्या (२०२०) प्रयत्नांतून झालेली आहे. तो एका सरळ वाटेने जाणारा गेम असल्याने ऋतुचक्राचा प्रश्न त्यात उद्भवला नाही. उद्या कोणी सह्याद्रीवर बेतलेले खुले जग रचले, तर वसंतापासून शिशिरापर्यंतचे सहा ऋतू पंचांगातून आयते मिळतील, पण अवघड दुखणे असेल ते पाण्याचे. स्कायरिमसारख्या गेममध्ये प्रत्येक चौकोनात पाण्याची पातळी एकदाच ठरवून दिलेली असते. मे महिन्यात कोरडा पडलेला ओढा जुलैत उतारू न देणारा झाला, कड्यावरून नवे धबधबे कोसळू लागले, घाटवाट निसरडी झाली, की पोत बदलून भागत नाही. पाणी, वाटा आणि पात्रांचे जाळे तिन्ही मोसमागणिक वेगळी आखावी लागतात. कासच्या पठारावरची ऑगस्ट-सप्टेंबरातली फुले गवतासारखीच जमिनीला जोडून दाखवता येतील. कारवीचे तसे नाही. ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, आणि स्कायरिमच्या घड्याळाने सात वर्षे म्हणजे ३,०६६ तास.