हजारो नोंदी डेटाबेसमध्ये टाकताना कमिट कधी करायचं?

आज मी डेटा इम्पोर्ट समजावतो, तेही आपल्या नारायणगावच्या टोमॅटो मार्केटच्या उदाहरणावरून.

समजा, एका आडत्याच्या 5,000 नोंदी एक्सेलमध्ये आहेत: शेतकरी, क्रेट, भाव. त्या अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये घ्यायच्यात. 3,200 झाल्या आणि लाईट गेली! फाईल पुन्हा पहिल्यापासून टाकली, तर जुन्नरच्या शेतकऱ्याचे क्रेट दोनदा धरले जातील. तशीच सोडली, तर आंबेगावच्या शेतकऱ्याचे क्रेट हिशोबातच येणार नाहीत. दोन्हीकडे पैशाचा घोळ.

ट्रान्झॅक्शन म्हणजे काय?

नोंदींचा एक गठ्ठा. ‘बिगिन’ म्हटलं की सुरू, ‘कमिट’ म्हटलं की पक्का, ‘रोलबॅक’ म्हटलं की सगळं पूर्ववत. कमिटआधी लाईट गेली, तर त्या गठ्ठ्यातली एकही नोंद राहत नाही.

प्रत्येक ओळीला कमिट का नको?

अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाइट हा डेटाबेस असतो. त्यात ‘बिगिन’ दिलं नाही, तर प्रत्येक इन्सर्ट हा स्वतंत्र ट्रान्झॅक्शन ठरतो. दर वेळी डेटा डिस्कवर खरंच लिहिला जाईपर्यंत थांबावं लागतं. एसक्यूलाइटची अधिकृत माहिती सांगते की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला 50,000 इन्सर्ट होऊ शकतात, पण 7,200 आरपीएमच्या फिरत्या हार्डडिस्कवर ट्रान्झॅक्शन मात्र साधारण 60 होतात. म्हणजे आपल्या 5,000 नोंदींना जवळपास दीड मिनिट. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घेतल्या, तर क्षणात काम होतं.

मग एकच कमिट?

5,000 नोंदींना एकच कमिट उत्तम. पण लाखो नोंदी असतील, तर ट्रान्झॅक्शन चालू असेपर्यंत दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही, आणि शेवटी गडबड झाली की सगळी मेहनत वाया. तेव्हा गठ्ठे पाडा आणि तीन गोष्टी पाळा:

1. गठ्ठा पट्टी संपते तिथेच तोडा. एका शेतकऱ्याची पट्टी दोन गठ्ठ्यांत विभागू नका.

2. पट्टी क्रमांक आणि ओळ क्रमांक मिळून युनिक ठेवा. ‘इन्सर्ट ऑर इग्नोर’ वापरलं, की फाईल पुन्हा टाकली तरी जुनी नोंद दोनदा जात नाही.

3. एखादी ओळ चुकली म्हणून एसक्यूलाइट सहसा अख्खा गठ्ठा रद्द करत नाही. रोलबॅक तुम्हीच द्यायचा.

शेवटी क्रेटची बेरीज एक्सेलशी जुळवा. जुळली, तरच पट्टी शेतकऱ्याच्या हातात द्या.