परदेशातील स्वस्त घर : किंमत आणि खर्च

व्याख्यानाचा विषय ठरविण्याच्या वेळी शाळेच्या चिटणिसांनी दोन-तीन भारदस्त विषय माझ्यापुढे ठेवले होते. ते बाजूस सारून मी हा व्यवहारी विषय मागून घेतला, याचे थोडे स्पष्टीकरण देणे उचित होईल. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला अंकगणित शिकविले. नफा-तोट्याच्या उदाहरणात वस्तूच्या खरेदीत हमाली आणि गाडीभाडे मिळविल्यावाचून पुढची पायरी मांडली, की सर वहीवर तांबडी रेघ ओढीत. मी पुढे बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरीचा काळ काढला, आणि तेथे येणाऱ्या कित्येक सुशिक्षित गृहस्थांना ती हमाली धरण्याची आठवण करून द्यावी लागे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझा एक वर्गमित्र घरी आला. त्याची मुलगी ओसाकाला नोकरीस आहे. ओसाकाच्या दक्षिणेस असलेल्या वाकायामा प्रांतातील एका खेड्यात, लाकडी, कौलारू, मागे संत्र्याची चार झाडे असलेले घर वीस लाख येनला मिळत होते. येनचा भाव साठ पैसे धरला तर बारा लाख रुपये. "अरे, बडोद्यात एवढ्यात एक खोली मिळत नाही," तो म्हणाला. दांडिया बाजारातील वडिलोपार्जित वाड्यातला आपला हिस्सा चुलतभावास देऊन टाकावा आणि उरलेले आयुष्य मुलीच्या जवळ काढावे, असा त्याचा बेत होता. त्याने फक्त एवढेच विचारले की, पैसे पाठवावयाचे कसे? प्रश्नाचे उत्तर सोपे होते. अवघड होते ते त्याने न विचारलेल्या प्रश्नांचे.

ते घर स्वस्त का, येथून आरंभ करू. जपानी भाषेत रिकाम्या घराला 'अकिया' म्हणतात. २०२३च्या सरकारी गृहगणनेत त्या देशात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. एकूण घरांच्या १३.८ टक्के, म्हणजे दर सातांत एक. वाकायामा आणि तोकुशिमा या प्रांतांत हे प्रमाण २१.२ टक्क्यांवर गेले आहे. देशाची लोकसंख्या २००८च्या सुमारास शिखरास पोहोचून उतरणीस लागली. तरुण मंडळी तोक्यो-ओसाकाकडे गेली. गावी उरलेले आई-वडील वारले आणि घराला कुलूप लागले. आपल्याकडील कोकणातल्या किंवा येथल्याच जुन्या पेठांतल्या बंद दारांची आठवण व्हावी असे हे चित्र आहे. पण एक मोठा भेद आहे. आपल्याकडे वाडा पडला तरी खालच्या जमिनीस भाव येतो. बिल्डर दारात उभा राहतो. जपानी खेड्यात जमिनीलाही गिऱ्हाईक नसते, आणि लाकडी घराची किंमत वीस-पंचवीस वर्षांत हिशेबापुरती शून्यावर येते. करासाठी लाकडी घराचे आयुष्य तेथे २२ वर्षे धरतात. घर ही तेथे वाढणारी नव्हे, झिजणारी वस्तू मानली जाते.

मग मालक ते पाडून का टाकीत नाहीत? त्यामागे करपद्धती आहे. राहत्या घराखालील २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवर स्थावर कराची आकारणी मूळच्या एक षष्ठांश मूल्यावर होते. घर पाडले की ही सवलत जाते, शिवाय पाडण्याचा खर्च दहा-पंधरा लाख येनच्या घरात जातो. म्हणून घर तसेच उभे ठेवणे शहाणपणाचे ठरत आले. ही अडचण ओळखून २०१४ साली रिकाम्या घरांविषयी खास कायदा झाला. धोकादायक घराच्या मालकास नगरपालिकेने ताकीद द्यावी आणि प्रसंगी सवलत काढून घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. २०२३च्या दुरुस्तीने निगा न राखलेली, धोकादायक होण्याच्या वाटेवरची घरेही त्या कक्षेत आली. थोडक्यात, पूर्वी जे घर मालकास नुसते निरुपयोगी होते ते आता अंगावर येणारे झाले आहे. तो ते स्वस्तात देतो, क्वचित फुकटही देतो. आपण जे विकत घेतो त्यात ही जबाबदारीही येते.

ही जबाबदारी पुन्हा उतरविता येते का, हा माझ्या मते या सर्व व्यवहारातील कळीचा प्रश्न आहे, आणि जाहिरातींत तो कधीच नसतो. एप्रिल २०२३पासून नको असलेली जमीन सरकारजमा करण्याची एक योजना तेथे सुरू झाली. पण ती वारसाहक्काने आलेल्या जमिनीपुरती आहे, तीवर इमारत असता कामा नये, आणि स्वीकारण्याबद्दल सरकारलाच पैसे भरावे लागतात. साधारणतः दोन लाख येन. ज्याने घर हौसेने विकत घेतले त्यास हे दार बंद आहे. पुढचा घेणारा मिळेपर्यंत कर, गवतकापणी आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी त्याच्याच.

आता सरांची हमाली. वीस लाख येनच्या घरावर दलाली किती? तेथे दलालीची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. परंतु स्वस्त घरांत दलालास काहीच सुटत नाही म्हणून जुलै २०२४पासून ८० लाख येनपर्यंतच्या व्यवहारात करासह तीन लाख तीस हजार येनपर्यंत दलाली घेण्यास मुभा दिली आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात किमतीच्या एक षष्ठांश! नोंदणीचा कर, नोंदणी करून देणाऱ्या लेखनिकाचे शुल्क आणि काही महिन्यांनी टपालाने येणारा संपादन कर, असे मिळून आणखी दोन लाख धरू. छप्पर, विजेच्या तारा, वाळवी लागलेले वासे आणि मैलापाण्याची टाकी यांस तीस लाख धरतो. एवढ्यात भागले तर नशीब समजावे. बेरीज पंचावन्न लाख तीस हजार येन, म्हणजे सुमारे तेहेतीस लाख रुपये. बारा लाखांचे घर तेहेतीस लाखांना पडले, आणि अजून आपण तेथे एक रात्रही झोपलो नाही.

कायद्यातील दोन गोष्टी तर घर पाहण्यास जाण्यापूर्वीच विचाराव्यात. पहिली, बांधकामाच्या परवानगीची तारीख. १ जून १९८१ रोजी भूकंपाविषयीचे बांधकामनियम कडक झाले. त्याआधीचे घर असेल तर बळकटीकरणाचा खर्च वेगळा. दुसरी, रस्ता. सामान्यतः किमान चार मीटर रुंदीच्या रस्त्यास जागेची किमान दोन मीटर बाजू लागून नसेल, तर जुने घर पडल्यावर त्या जागी नवे बांधता येत नाही. बोळातली टुमदार घरे एवढी स्वस्त का, याचे कारण पुष्कळदा हेच. त्या संत्र्याच्या झाडांविषयीही मी मित्रास सावध केले. ती जमीन दप्तरी शेतजमीन असेल तर स्थानिक कृषी समितीच्या परवानगीवाचून हस्तांतर होत नाही. आपल्या गुजरात-महाराष्ट्रातल्या वाचकांस शेतकरी असल्याचा दाखला म्हणजे काय हे सांगावयास नको.

मालकी कोणाच्या नावे आहे, हेही पाहिले पाहिजे. पणजोबांच्या नावावर राहिलेली घरे ही केवळ आपली मिरास नव्हे. २०१६च्या स्थितीवरून केलेल्या एका अंदाजाप्रमाणे जपानात मालकाचा थांग न लागणारी जमीन ४१ लाख हेक्टर, म्हणजे क्यूशू या मोठ्या बेटाच्या क्षेत्रफळापेक्षा अधिक होती. म्हणूनच १ एप्रिल २०२४पासून वारसाची नोंदणी तीन वर्षांत करणे सक्तीचे झाले; न केल्यास एक लाख येनपर्यंत दंड. हे बंधन पुढे आपल्या मुलांवरही येणार. बडोद्यातील वारसाचे दाखले जपानीत भाषांतरित करून तेथील कचेरीत सादर करण्याचे काम त्यांच्या वाट्यास ठेवावयाचे काय, ते आजच ठरवावे.

परक्या माणसास घर घेण्याची मात्र तेथे सामान्यतः मनाई नाही. ही गोष्ट सर्वत्र नसते. सिसिलीतील सालेमी गावाच्या महापौरांनी २००८ साली एक युरोला घर देण्याची कल्पना मांडली आणि ती पुढे इटलीभर पसरली. पण तेथे नियत मुदतीत दुरुस्ती करण्याची अट आणि त्यासाठी अनामत रक्कम असते. शिवाय इटलीच्या कायद्यात परस्परतेचे तत्त्व आहे. तेथे न राहणाऱ्या परकीयास जो हक्क द्यावयाचा, तो त्याचा देश इटलीच्या नागरिकास देतो काय, हे पाहिले जाते. आपला देश तर भारतीय वंशाच्या नसलेल्या अनिवासी परकीयास घर घेऊ देत नाही. तेव्हा भारतीय पारपत्रधारकाने तेथील नोटरीस पहिला प्रश्न हाच विचारावा.

जपानात खरेदी खुली आहे, पण खरेदीने वास्तव्याचा हक्क येत नाही. माझ्या मित्रास हे ऐकून खरोखर धक्का बसला. घराची किल्ली हाती असली तरी नातलगांना भेटण्यासाठी मिळणारा अल्पमुदतीचा व्हिसा नव्वद दिवसांपलीकडे जात नाही. व्यवसायाच्या व्हिसाची वाटही अरुंद झाली. त्यासाठीच्या भांडवलाची अट ऑक्टोबर २०२५मध्ये पन्नास लाख येनवरून तीन कोटींवर नेण्यात आली. उरलेले नऊ महिने घर पाहुण्यांस भाड्याने द्यावे म्हटले, तर २०१८च्या कायद्याने वर्षास १८० दिवसांची मर्यादा आहे, आणि मालक देशाबाहेर असल्यास व्यवस्थापक संस्था नेमावी लागते. कराच्या नोटिसा घेण्यासही तेथे राहणारा प्रतिनिधी लागतो, आणि खरेदी झाल्यावर वीस दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत अर्थमंत्र्यांस कळवावे लागते.

राहता राहिला त्याने विचारलेला प्रश्न. फेराच्या काळात परदेशी घर घेणे सामान्य माणसास जवळजवळ अशक्य होते. २००० साली फेमा अमलात आला आणि २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला पंचवीस हजार डॉलर पाठविण्याची मोकळीक दिली. २०१५पासून ही मर्यादा दरडोई, दर आर्थिक वर्षास, अडीच लाख डॉलर आहे; येथील नातेवाईक आपापल्या मर्यादेतील रक्कम एकत्रही करू शकतात. परंतु मोकळीक म्हणजे कायमचा हक्क नव्हे. ऑगस्ट २०१३मध्ये रुपया घसरला तेव्हा मर्यादा उतरविली गेली आणि परदेशी स्थावर घेण्यास मनाई झाली; ती वर्षभराच्या आत उठली. ज्यांनी विसार देऊन ठेवला होता त्यांची त्या महिन्यांतली तोंडे मला आठवतात.

सध्या वर्षात दहा लाख रुपयांवरील अशा रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस कापते. आमच्या तेहेतीस लाखांवर ते चार लाख चौसष्ट हजारांच्या आसपास होते. विवरणपत्रात ते वजा मिळते, पण तोवर रक्कम अडकते. येथल्या बँकेकडून यासाठी कर्ज मिळत नाही, आणि तेथील बँका अनिवासी माणसास सहसा उभे करीत नाहीत. घर घेतल्यावर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते दरवर्षी दाखवावे लागते. २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली न दाखविल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४पासून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेस या दंडातून सूट मिळाली, पण त्यातून स्थावर मालमत्ता स्पष्टपणे वगळली आहे. बारा लाखांचे घर म्हणून कोणी गाफील राहू नये.

एवढे ऐकल्यावर मित्र म्हणाला, "म्हणजे घेऊच नको असे सांग ना!" मी तसे म्हणत नव्हतो. ज्याची मुलगी तेथे कायम वास्तव्याच्या वाटेवर आहे, त्याने घर शोधू नये असे कोण म्हणेल? फक्त ते तिने, तिच्या तेथील कमाईतून, तिच्या नावे घेणे अधिक सुटसुटीत. पुढे ती भारतात परतली तरी परदेशी वास्तव्यात मिळविलेली मालमत्ता फेमाप्रमाणे तिला ठेवता येते. आणि शोध जाहिरातींपासून न करता गावापासून करावा. पुष्कळ नगरपालिका 'अकिया बँक' नावाची रिकाम्या घरांची यादी ठेवतात. ती हमी नव्हे, सूचनाफलक आहे; काही ठिकाणी गावात प्रत्यक्ष राहण्याची अटही असते. यादीतले घर पाहण्याआधी दवाखाना किती अंतरावर, रेल्वे टिकणार काय, पुराच्या आणि दरडीच्या नकाशावर जागा कोठे पडते, हे नगरपालिकेत विचारावे. परवानाधारक दलालास करारापूर्वी मालमत्तेचे सर्व महत्त्वाचे तपशील लेखी समजावून सांगणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०२०पासून त्यात पुराचा नकाशाही आला. तो कागद जपानीत असतो. आपला माणूस शेजारी बसवून तो ओळीने वाचून घ्यावा. शक्य तर एक हिवाळा आणि एक पावसाळा त्या गावात भाड्याने राहून पाहावे.

मित्राने वाड्याचा हिस्सा अजून दिलेला नाही. गेल्या जूनमध्ये, जपानी पावसाळ्याच्या ऐन भरात, तो आणि वहिनी मुलीबरोबर त्या गावी तीन आठवडे भाड्याच्या घरात राहिले. त्याच्या पत्रातील अर्धा मजकूर ओलीविषयी आणि शेजारच्या आजींनी आणून दिलेल्या काकड्यांविषयी आहे. संत्र्याची झाडे शेतजमिनीतच निघाली. घराचा मालक ज्यांना म्हणत होते त्यांस दोन भाऊ असून एकाचा पत्ता लागत नाही, असे नगरपालिकेतून कळले. मुलीने आता त्याच यादीतले, स्थानकापासून वीस मिनिटांवरचे, १९८६ साली बांधलेले दुसरे घर पाहिले आहे. किंमत अडीच पट आहे. रस्ता किती मीटर रुंद आहे ते मोजून कळवितो, असे त्याने शेवटच्या ओळीत लिहिले आहे.