बाबांची बादली

आमच्या इंदूरच्या घरात बाबांचा एक नेम होता. माशांच्या टाकीतलं पाणी बदलायच्या आदल्या रात्री ते नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून गच्चीत उघड्या ठेवायचे. "बादल्या अडकवून ठेवल्यात!" म्हणून आई कुरकुरायची. मलाही ती त्यांची लहरच वाटायची.

मागच्या पावसाळ्यात बाबा ताईकडे पुण्याला गेले आणि टाकी माझ्यावर सोपवली. रविवारी नर्मदेचं पाणी आलं. मी उत्साहाने टाकी अख्खी रिकामी केली, गोटे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतले, नळी लावून टाकी भरली. तासाभरात सहाही गोल्डफिश वर येऊन धापा टाकू लागले. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मीठही टाकलं. रात्रीपर्यंत चार गेले. बाबा ज्याला 'सरदार' म्हणायचे, तोही त्यातच.

बाबांना फोन करायला हात धजत नव्हता. ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बादली त्याच्यासाठीच भरायचो गं. तुला सांगायचंच राहिलं."

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. पाणी गढूळ असलं की ते जास्त लागतं. आपल्याला चालतं, पण माशांचे कल्ले त्याने भाजतात. मिठाने क्लोरीन जात नाही, तुरटीनेही नाही. उघड्या बादलीतून मात्र ते साधारण 24 तासांत उडून जातं. हवेचा पंप सोडला तर आणखी लवकर. म्हणजे सगळ्यात स्वस्त कंडिशनर बाबांची बादलीच!

घाई असेल तर औषध लागतं. दुकानातल्या 'अँटी-क्लोरीन'च्या साध्या बाटलीत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. त्याचे खडे केमिकलच्या दुकानात फार स्वस्त मिळतात. फोटो धुणारे त्यालाच 'हायपो' म्हणत. 10 ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण 100 मिली द्रावण करायचं. नेहमीच्या नळाच्या पाण्याला 10 लिटरमागे 1 मिली पुरतं. मोजायला सुई काढलेली सिरिंज घ्या. बाटलीवर नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

तयार बाटली घेताना नुसती किंमत पाहू नका. ती किती लिटर पाण्याला पुरते ते पाहा. समजा, 50 मिलीच्या बाटलीतलं 10 लिटरला 5 मिली लागतं, तर ती 100 लिटरमध्ये संपली. दुसरी 100 मिलीची महाग बाटली 40 लिटरला 1 मिली लागणारी असेल, तर ती 4000 लिटरला पुरते. मग स्वस्त कोणती?

काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं. ते बादलीत ठेवून उडत नाही, आणि थायोसल्फेटने तोडलं तरी मागे अमोनिया उरतो. तिथे अमोनियाही आवरणारं महाग कंडिशनर घ्यावं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन मिसळलेलं नसेल तर या औषधाची गरजच नाही. फक्त ते पाणी थोडा वेळ पंपाने खळबळवून घ्या.

अंगणात कमळांचा हौद असेल तर आधी त्याचं माप काढा. लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये मोजून गुणा आणि 1000 ने गुणा, म्हणजे लिटर आले. नळी सोडण्याआधी नव्या पाण्यापुरतं औषध हौदात घाला आणि धार बारीक ठेवा.

माझी दुसरी चूक कुठल्याच बाटलीने भरून निघाली नसती. गोट्यांवर आणि स्पंजात राहणारे उपयोगी जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया संपवतात. मी ते धुऊन टाकले होते. आता एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदलते आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळते.

उरलेले दोन मासे छान आहेत. दिवाळीला बाबा आले तेव्हा शेल्फवरची माझी बाटली त्यांनी चष्मा लावून वाचली, "बरं केलंस" म्हणाले, आणि रात्री बादली भरून गच्चीत ठेवायला गेले. दुसरी बादली मी उचलली.