पोर्तुगालचा जुना दोस्त

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या लग्नाच्या तहात एक गुप्त कलमही होते. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ब्रगांझा हिचे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरले, तेव्हा पोर्तुगालच्या सर्व वसाहतींचे आजच्या आणि उद्याच्या शत्रूंपासून रक्षण करण्याची हमी इंग्लंडने लिहून दिली. पोर्तुगालला ती हवीच होती. स्पेनपासून सुटून त्याला जेमतेम वीस वर्षे झाली होती आणि पूर्वेकडची त्याची ठाणी डच एकेक करून गिळत होते. मुंबई आणि तँजियर ही या हमीची किंमत.

गोव्याचा विजरई आंतोनियु द मेलु इ काश्त्रु याला हा सौदा पटला नव्हता. त्याने मुंबई द्यायला इतकी टाळाटाळ केली की इंग्रज शिपाई अंजदीव बेटावर रखडले आणि तिथेच रोगराईने मेले. ताबा मिळायला १६६५ उजाडले. लिस्बनपेक्षा या माणसाची नजर लांबची होती, असे मला वाटते.

कारण हमीचा कस लागला तो आपल्याच किनाऱ्यावर. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, तेव्हा पोर्तुगीजांनी शेजारच्या मुंबईकर इंग्रजांकडे कुमक मागितली. इंग्रजांनी चर्चमधली चांदी आणि तोफा तारण ठेवून घेऊन कर्ज दिले, फौज दिली नाही. वसई पडल्यावर काही आठवड्यांतच त्यांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांशी तह करायला हजर झाला. शेजारी बदलला होता, व्यापार चालू राहायला हवा होता.

म्हणून ही दोस्ती निव्वळ फसवणूक होती असे म्हणता येत नाही. १३७३ चा लंडनचा तह आणि १३८६ चा विंडसरचा तह यांवर ती उभी आहे आणि जगातली सर्वांत जुनी टिकलेली युती म्हणून तिचा उल्लेख होतो. नेपोलियनचे सैन्य लिस्बनवर चालून आले, तेव्हा १८०७ मध्ये पोर्तुगालचे राजघराणे ब्रिटिश आरमाराच्या सोबतीने ब्राझीलला निघाले. स्पेन किंवा फ्रान्सच्या हाती लिस्बनचे बंदर जाऊ नये, ही ब्रिटनचीही गरज होती. गरज सरली किंवा आड आली की चित्र पालटे. आफ्रिकेत अंगोला आणि मोझांबिक जोडणारा पट्टा पोर्तुगालने मागितला, तर ११ जानेवारी १८९० रोजी याच दोस्ताने निर्वाणीचा खलिता धाडला. लिस्बनने मान तुकवली. त्या संतापातून जन्मलेले गीत आज पोर्तुगालचे राष्ट्रगीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात पाळी उलटली. अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांना आवर घालायला ब्रिटनला अझोर्स बेटांवर तळ हवे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये चर्चिलने पार्लमेंटमध्ये १३७३ च्या तहाचा दाखला देऊन तळ मिळाल्याचे जाहीर केले. तटस्थ म्हणवणारा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने ते दिले होते. आपण आपला शब्द पाळला, आता त्यांनी पाळावा, असा त्याचा हिशेब असणार.

भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा तो हिशेब जुळला नाही. गोवा मुक्त व्हायलाच हवा होता, त्याबद्दल इथे वाद नाही. प्रश्न पोर्तुगालच्या भरवशाचा आहे. राष्ट्रकुलातल्या सदस्य देशाविरुद्ध लढता येणार नाही, ही ब्रिटनची भूमिका होती. स्वतंत्र भारतापुढे १६६१ चे कलम फिके पडले. ‘नाटो’चाही उपयोग नव्हता, कारण त्या कराराचे कार्यक्षेत्र कर्कवृत्ताच्या उत्तरेलाच संपते. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदीचा ठराव आणला. त्याला ७ विरुद्ध ४ मते पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो बारगळला. दोस्ताने हात वर केला, तो मतदानापुरता. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम त्यांनी मानला नाही.

सालाझारकडे एक पान मात्र अजून शिल्लक होते, तेच जुने अझोर्स. आता तिथल्या लाजेस तळाची गरज अमेरिकेला होती. १९६१ च्या मार्चमध्ये केनेडी सरकारने अंगोलाच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालविरुद्ध मत दिले होते. लाजेसचा करार १९६२ च्या अखेरीस संपत होता. सालाझारने तळ बंद केला नाही आणि नव्या करारावर सहीही केली नाही. अमेरिकी विमाने तिथे उतरत राहिली, पण पोर्तुगालच्या मर्जीवर. वॉशिंग्टनचा अंगोलाबद्दलचा सूर त्यानंतर बराच खाली आला.