अभ्यासक्रमाबाहेरचा पेपर

बालमित्रांनो, समजा आज तुमचा सहामाहीचा गणिताचा पेपर आहे. अभ्यास अगदी चोख झालाय. पेपर हातात पडतो आणि बघता तर काय, एकही प्रश्न पुस्तकातला नाही! पोटात गोळा येईल, हो की नाही? आता कल्पना करा, त्या पेपरावर मार्क नव्हे, माणसांचे जीव अवलंबून असले तर?

असा पेपर २०२० साली हजारो ताई-दादांपुढे आला. हे ताई-दादा म्हणजे शिकाऊ डॉक्टर. डॉक्टर व्हायचं तर आधी साडेचार वर्षं अभ्यास, मग एक वर्ष रुग्णालयात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम. या शेवटच्या वर्षातल्या मुलांना ‘इंटर्न’ म्हणतात.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जगभर पसरलेली साथ असल्याचं जाहीर केलं. आजारच नवा! शिकवणारे सरही रोज नव्याने शिकत होते. आणि माणसं तर कमी पडत होती. इटलीने त्याच महिन्यात नव्या डॉक्टरांची शेवटची परीक्षाच रद्द केली आणि सुमारे दहा हजार जणांना कामाची वाट मोकळी करून दिली. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, सरकारने इंटर्न मुलांना कोविडच्या कामावर घ्यायचं ठरवलं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे सौम्य आजाराच्या रुग्णांना फोनवर सल्ला देण्याचं काम आलं.

पूर्वीही असं झालं होतं बरं का! १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात डॉक्टर आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या. तेव्हा तिथल्या विद्यापीठाने तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना या आजारावर एक व्याख्यान दिलं आणि कामाला पाठवलं. फक्त एक व्याख्यान!

माझ्या शाळेत चौथीला असलेली एक मुलगी २०२० साली नुकतीच इंटर्न झाली होती. आपण तिला नुसतं ताई म्हणू. परवा ती भेटायला आली, तेव्हा मी विचारलं, “काय गं, भीती नाही वाटली?”

“बाई, खूप वाटली!” ती म्हणाली. “पण माझी नाही. आमच्या घरी आजी आहे. माझ्यामुळे तिला आजार झाला तर, हीच भीती. आणि दुसरी भीती, मला काहीच येत नसलं तर?”

आई फोनवर रडत होती, “घरी ये.” ताई दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी तिने वही घेतली आणि प्रत्येक भीती एकेका ओळीत लिहिली. समोर लिहिलं, यावर मी काय करू शकते?

‘आजीला लागण होईल’ याच्यासमोर लिहिलं, ‘घरी जायचं नाही, वसतिगृहात राहायचं.’ ‘मला येत नाही’ याच्यासमोर लिहिलं, ‘येईपर्यंत सराव.’

सराव कसला? तो पांढरा पीपीई किट चढवण्याचा आणि उतरवण्याचा! गंमत म्हणजे घालण्यापेक्षा काढणं अवघड. कारण विषाणू किटच्या बाहेरच्या बाजूला असू शकतो. म्हणून हातमोजे, चष्मा, झगा, सगळं ठरलेल्या क्रमाने काढायचं, मधे मधे हात स्वच्छ करायचे आणि नाकावरचा मास्क अगदी शेवटी. ताई आणि तिची मैत्रीण एकमेकींवर लक्ष ठेवत. एक काढी, दुसरी चुका सांगे. एकदा मैत्रीण ओरडली, “अगं, गालाला हात लावलास! पुन्हा पहिल्यापासून!”

किटमध्ये सहा-सहा तास पाणी नाही, चष्म्यावर वाफ. सगळे सारखेच दिसत, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहीत.

एका रात्री एका आजोबांच्या रक्तातला ऑक्सिजन ८८ पर्यंत उतरला. तो साधारण ९५ च्या वर हवा. ताईचे पाय लटपटले. पण वरिष्ठांना हाक मारायची, ऑक्सिजन तपासायचा, रुग्णाला पालथं झोपवायला मदत करायची, हे तिने घोकलं होतं. तिने तेच केलं. थोड्या वेळाने आकडा ९३ वर आला.

“सगळेच वाचले नाहीत, बाई,” ताई हळूच म्हणाली. “एका पहाटे मी जिन्यात बसून रडले. आमच्या मॅडम शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, मलाही भीती वाटते. त्यानंतर जरा हलकं वाटलं.”

मुलांनो, आपल्याला वाटतं, शूर माणसाला भीती वाटतच नाही. ताईला तर वाटत होती! पण तिने भीती लपवली नाही. लिहिली, बोलली आणि तिचा सराव केला. बिनभीतीचा माणूस कदाचित मास्क घाईने काढेल. भिणारी ताई मात्र क्रम विसरली नाही.

आता तुमच्या वहीचं एक पान घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमची भीती, उजवीकडे त्यावर काय करता येईल ते लिहा. उजवी बाजू कोरी राहिली तर आईला, बाबांना किंवा बाईंना दाखवा. ताईसुद्धा हाक मारायला लाजली नव्हती!