बदललेलें इंजिन व त्याचें वंगण

बैलगाडीच्या आंसाला वंगण नसलें म्हणजे चाक कुरकुरतें, व गाडीवानास दोष तत्काळ कळून येतो. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्याचें वंगण बिघडलें तरी तें बहुधा शेवटच्या घटकेपर्यंत मुकाट्यानें चालतें, आणि बोलूं लागतें तेव्हां वेळ निघून गेलेली असते. या मुक्या यंत्राचें दुखणें आधींच कसें ओळखावें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

सांप्रत सहकुटुंब प्रवासाची हौस वाढली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं फिरत्या निवासगाड्यांच्या, म्हणजे कॅराव्हॅनच्या, पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. जुनी व्हॅन घेऊन तींत निजण्याची व स्वयंपाकाची सोय करावी, आणि थकलेल्या इंजिनाच्या जागीं दुसरें दणकट इंजिन बसवावें, असा बेत कित्येकांच्या मनांत येतो. ही कल्पना आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. पुण्याच्या बजाज टेंपो कारखान्याची मॅटॅडोर व्हॅन मूळ जर्मन बनावटीची. तिलाच पुढें मर्सिडीजच्या ओ. एम. ६१६ जातीच्या डिझेल इंजिनाची जोड मिळाली. परंतु कारखान्यांत जो बदल मोजमाप करून होतो, तोच गॅरेजांत करतांना कांहीं गोष्टी सहज विसरल्या जातात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्राशीं विसंगत असा बदल करूं देत नाहीं. यास्तव इंजिनास हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारपूस करणें हेंच पहिलें काम होय.

आतां वंगणाकडे वळूं. क्रँक व त्याचें बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा केंसाहूनही पातळ असा एक पापुद्रा असतो. धातू धातूवर घांसत नाहीं. तो या पापुद्र्यावर तरंगतो. याखेरीज उष्णता वाहून नेणें, काजळी पोटांत धरून ठेवणें व गंज रोखणें हींही कामें तेलाकडेच असतात.

तेलाच्या डब्यावर १५ डब्ल्यू-४० अशी खूण असते. ती अमेरिकेंतील एस. ए. ई. या इंजिनियरांच्या संस्थेनें ठरविलेली आहे. ‘डब्ल्यू’ हें हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर होय. पहिला आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत अधिक प्रवाही. दुसरा आंकडा १०० अंश सेल्सिअस उष्णतेवर तेल किती दाट राहतें तें सांगतो; ४० आंकड्याच्या तेलाची दाटी तेथें १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असावी लागते. १५ डब्ल्यूची थंडींतील एक परीक्षा शून्याखालीं २० अंशांवर घेतात. इतकी थंडी वाशिमास पडत नाहीं. म्हणून आपल्याकडे पहिल्या आंकड्यापेक्षां दुसऱ्याचीच काळजी अधिक.

मग सर्वांत दाट तेल घालावें काय? तसें नव्हे. ज्या इंजिनाच्या फटी बारीक आहेत, त्यांत दाट तेल उशिरां पोंचतें, व घुसळलें जाऊन स्वतःच तापतें. यासाठीं नियम एकच लक्षांत ठेवावा: तेल गाडीचें नव्हे, इंजिनाचें असतें. व्हॅन कोणत्याही नांवाची असो, जें इंजिन तींत बसलें आहे त्याच्या कारखान्याची पुस्तिका मिळवावी, व तींत सांगितलेलेंच तेल आणावें. डब्यावरील ए. पी. आय. या खुणेपुढें ‘सी’ पासून सुरू होणारीं अक्षरें डिझेल इंजिनाकरितां व ‘एस’ पासून सुरू होणारीं पेट्रोल इंजिनाकरितां असतात, हेंही पाहावें.

इंजिन बदलतांना तीन चुका विशेषेंकरून संभवतात. आंसाला लागूं नये म्हणून तेलाचें चेंबर कापून लहान करतात. तेल कमी मावतें व लवकर तापतें. मूळ गाडींतला तेल थंड करणारा कूलर जागेअभावीं वगळला जातो. तिसरें, इंजिन थोडें तिरपें बसलें तर तेल मोजण्याच्या पट्टीवरील जुन्या खुणा खोट्या ठरतात. तेव्हां पुस्तिकेंत दिलेलें तेल लिटरनें मोजून ओतावें व खूण नव्यानें करावी. त्यांत पलंग, कपाटें व पाण्याची टांकी यांचें ओझें असतेंच.

अनेकांस वाटतें कीं, पाण्याचा कांटा जागेवर आहे तोंवर भय नाहीं. हा समज चुकीचा आहे. थर्मोस्टॅट व रेडिएटर मिळून पाणी ९० अंशांच्या आसपास आवरून धरतात, पण तेवढ्या वेळांत तेल एकटेंच १२५ पर्यंत चढूं शकतें. म्हणून तेलाकरितां वेगळा उष्णतामापक बसवावा. त्याचा सेन्सर चेंबरमध्यें किंवा फिल्टरजवळ बसवितात. तेलाच्या दाबाचा कांटाही सोबत असावा.

९० ते ११० अंश ही सामान्यतः तेलाची निरोगी अवस्था समजावी. फार थंड राहणेंही बरें नव्हे, कारण तेलांत आलेलें पाणी व इंधन उडून जात नाहीं. १२० च्या पुढें वेग कमी करावा. १३० दिसल्यास सुरक्षित जागीं थांबून इंजिन भाराविना थोडा वेळ चालूं द्यावें. दाबाचा दिवा लागला तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावें. १०० अंशांवर जी दाटी असते ती १३० वर जवळजवळ निम्मी होते, आणि दर १० अंशांच्या वाढीबरोबर तेल खराब होण्याचा वेग सुमारें दुप्पट होतो.

कांट्यापेक्षांही उपयोगी वस्तु म्हणजे एक वही. अकोल्याहून पातूरमार्गें वाशिमच्या पठारावर चढतांना, किंवा आपल्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धि महामार्गावर तासभर एका वेगानें गेल्यावर, तेलाचे अंश किती व बाहेरची हवा कशी होती हें टिपून ठेवावें. त्याच रस्त्यावर, तशाच उन्हांत, नेहमींचे १०५ अंश आज ११५ झाले, तर रेडिएटर धुळीनें भरला आहे, तेल घटलें आहे, किंवा दुसरें कांहीं बदललें आहे. एकटा आंकडा थोडेंच सांगतो. मागील आंकड्यांच्या शेजारीं ठेवला म्हणजे तो पुष्कळ सांगतो.

विद्यार्थिमित्रांनो, ही वही ठेवण्याचें काम तुमच्यासारख्यांनीं आनंदानें अंगावर घ्यावें. शाळेंत शिकलेले उष्णता, घर्षण व आलेख हे पाठ येथें प्रत्यक्ष उपयोगीं पडतात. आणि पालकांस आमचें एवढेंच सांगणें कीं, भर वेगांत इंजिन एकाएकीं जाम झालें तर गाडी आवरणें कठीण होतें, व मागें मुलेंबाळें बसलेलीं असतात. चांगल्या तेलाचा व एका कांट्याचा खर्च त्यांच्या जिवापुढें कांहींच नाहीं.