तीन मायक्रॉनचं पाणी

कुरुळीतली पत्र्याची शेड, एप्रिलची दुपार. क्वालिटीवाला कामगार पार्ट उजेडात धरून ओरखडा शोधतोय आणि समोरून मॅन कूलरचा झोत थेट तोंडावर येतोय. या दिवसांत पुण्याच्या पट्ट्यात दुपारची आर्द्रता कित्येकदा 20 टक्क्यांच्या आसपास उतरते. त्या वाऱ्यापुढे त्याच्या डोळ्यावर पाण्याचा थर असतो सुमारे 3 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी तीन. एका डोळ्यातलं हे सगळं पाणी जेमतेम 7 मायक्रोलिटर भरतं. चहाचा एक चमचा भरायला सातशे डोळे लागतील.

एवढ्यावर निभावतं, कारण मिनिटाला साधारण एक मायक्रोलिटर नवं पाणी येत राहतं आणि मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी ते पसरवते. दिवसाकाठी ही उघडझाप 14,000 च्या घरात जाते. नजर रोखून काम करताना मात्र ती निम्म्यावर येते. पापणीतल्या ग्रंथींचं तेल या पाण्यावर झाकण धरतं. जिथे ते विरळ असतं, तिथे पाणी मिनिटाला 20 मायक्रॉन इतक्या वेगानेही उडू शकतं. या वेगाने 3 मायक्रॉन संपायला 9 सेकंद पुरतात!

पाणी उडतं, क्षार मागे राहतात. निरोगी अश्रूंची क्षारता लिटरला 300 मिलिऑस्मोलच्या आसपास असते आणि 308 ला कोरड्या डोळ्याची शंका सुरू होते. फरक तीन टक्क्यांचाही नाही. थर फाटतो त्या ठिपक्यावर क्षणभर 800 पर्यंत मजल जात असावी, असा प्रयोगांवरून अंदाज आहे. समुद्राचं पाणी हजाराच्या थोडं वर असतं.

खरं संकट यापुढे आहे. खारावलेल्या पेशी धोक्याचे रेणू सोडतात, त्या हाकेने रोगप्रतिकारक टी-पेशी येतात, एमएमपी-9 हे विकर कॉर्नियाच्या पेशींमधले सांधे उसवतं आणि पाणी धरून ठेवणारा श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी मरू लागतात. मग थर आणखी लवकर फाटतो. स्पेनमधल्या वायादोलिदच्या संशोधकांनी कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांना 5 टक्के आर्द्रतेच्या खोलीत फक्त दोन तास बसवलं, तेवढ्यात त्यांच्या अश्रूंत दाहाच्या खुणा वाढल्या. शिफ्ट आठ तासांची असते.

कॉर्नियाच्या दर चौरस मिलिमीटरला मज्जातंतूंची सुमारे 7,000 टोकं असतात. म्हणून तर खडा गेल्यासारखं टोचतं, चुरचुरतं, उलट पाणीही वाहतं. ‘झोप झाली नसेल’ म्हणून हे उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं. मॅन कूलरचं तोंड चेहऱ्यावरून वळवायला पैसा लागत नाही. (ग्राइंडिंगचा कण किंवा वेल्डिंगची झळ असेल, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.)

दुकानातून आणलेल्या कृत्रिम अश्रूंचा एक थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा, त्यातला बराचसा गालावर येतो. राहतो तो ओलावा देतो, पण पेटलेला दाह त्याने क्वचितच विझतो. त्यासाठी 2002 साली अमेरिकेत 0.05 टक्के सायक्लोस्पोरिनच्या थेंबांना मान्यता मिळाली. दुसऱ्याची किडनी शरीराने नाकारू नये म्हणून देतात तेच हे औषध. डोळ्यातही त्याचा गुण यायला महिने लागतात.